भाड्याचा झेंडा

१७ डिसेंबर २०१४. दक्षिण महासागरात, अंटार्क्टिकाच्या अलीकडे, बान्झारे बँक नावाचं पाण्याखालचं एक पठार आहे. तिथे 'बॉब बार्कर' या जहाजाच्या रडारवर एक ठिपका उमटला. जवळ गेल्यावर ते मासेमारीचं मोठं जहाज निघालं. मागच्या बाजूला नाव होतं 'थंडर', आणि त्याखाली नोंदणीचं बंदर : लागोस.

नायजेरियातलं लागोस तिथून हजारो किलोमीटर दूर. थंडर तिथलं कधीच नव्हतं. १९६९मध्ये नॉर्वेत बांधलेल्या या जहाजाने तोवर अर्धा डझन नावं बदलली होती, आणि ब्रिटन, सेशेल्स, बेलीझ, टोगो, मंगोलिया अशा देशांचे झेंडे फडकवून झाले होते. मंगोलिया पुन्हा वाचा. चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला, समुद्र नकाशातच पाहणारा देश. त्याचीही जहाजनोंदणी चालते, आणि तिचं कार्यालय सिंगापूरमध्ये सुरू झालं होतं.

थंडर अनोळखी नव्हतं. २००६पासून ते काळ्या यादीत होतं. इंटरपोलने डिसेंबर २०१३मध्ये त्याच्याबद्दल 'जांभळी नोटीस' काढली होती, म्हणजे या जहाजाची काम करण्याची पद्धत सगळ्या देशांच्या पोलिसांनी ध्यानात ठेवावी असा इशारा. काळ्या यादीत गेल्यानंतरही त्याने सहा कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली असावी, असा अंदाज होता. नाव, फोटो, धंदा, सगळं जगाला माहीत. तरी आठ वर्षं ते निवांत मासे मारत होतं.

बॉब बार्करवर पोलीस नव्हते. ते 'सी शेफर्ड' या खासगी पर्यावरणवादी संस्थेचं जहाज, तेही नॉर्वेतच बांधलेलं, आणि मूळचं व्हेलच्या शिकारीचं. कॅप्टन होता पीटर हॅमरस्टेड, तीस वर्षांचा स्वीडिश तरुण. त्याने थंडरला कळवलं की तुम्ही बेकायदा मासेमारी करताय, आम्ही तुमच्या मागे येणार. थंडरने जाळी पाण्यातच टाकून पळ काढला. सुरू झालेला पाठलाग ११० दिवस चालला, तीन महासागरांतून, दहा हजार सागरी मैलांहून जास्त.

११० दिवस का? चोर समोर दिसतोय, मागे लागलेलं जहाज तितकंच वेगवान आहे. मग एखाद्या देशाचं नौदल बोलवावं, दोरी टाकावी, चढावं, हातकड्या घालाव्यात. हे का होत नाही, याचं उत्तर जवळपास चारशे वर्षं जुनं आहे, आणि त्याच्या सुरुवातीला आपला कोकणकिनारा आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागर आपला आहे असं जाहीर करून टाकलं. या किनाऱ्यावरून कुणालाही व्यापाराला जहाज सोडायचं असेल, तर पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे 'कार्ताझ', घ्यावा लागे. कार्ताझ नसलेलं जहाज सापडलं की माल जप्त. गुजरातचे व्यापारी हे परवाने घेत, आदिलशाहीची आणि पुढे मुघलांची जहाजंही घेत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तोच न्याय उलटा लावला : आमच्या समुद्रातून जायचं तर आमचा 'दस्तक' घ्या. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. हाच परवाना पोर्तुगीजांनी दिला तर राज्यकारभार आणि आंग्र्यांनी दिला तर चाचेगिरी, हा हिशेब मला आजवर पटलेला नाही. पण तो वाद पुन्हा कधीतरी.

पोर्तुगीजांच्या या मक्तेदारीवर युरोपातूनच हल्ला झाला. १६०३मध्ये डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारीना' हे मालाने भरलेलं पोर्तुगीज जहाज पकडलं. ही लूट कायदेशीर होती हे पटवण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीला वकील हवा होता, आणि ह्यूगो ग्रोशियस हा विशीतला हुशार वकील त्यांना मिळाला. त्याच्या युक्तिवादाचा एक भाग १६०९मध्ये 'मारे लिबेरुम', म्हणजे 'मुक्त समुद्र', या नावाने छापला गेला. म्हणणं सोपं होतं : समुद्र कुणी कुंपण घालून घेऊ शकत नाही, आणि एकाने वापरला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, ना जहाजं हाकायला, ना मासे धरायला. म्हणून तो सगळ्यांचा.

आधुनिक सागरी कायदा या विचारावर उभा राहिला. किनाऱ्यालगतचा पट्टा त्या देशाचा, साधारण तोफेचा गोळा पोचेल तितका, म्हणजे तीन सागरी मैल. त्यापलीकडे कुणाचीच सत्ता नाही. मग पलीकडे कायदा कुणाचा? ज्या देशाचा झेंडा जहाजावर, त्याचा. जहाज म्हणजे त्या देशाचा तरंगता तुकडा. जहाजावर काही वाईट घडलं तर बघून घ्यायचं ते झेंडेवाल्या देशाने.

ग्रोशियसच्या युक्तिवादात मासे संपत नाहीत हे गृहीत होतं. १८८३मध्ये लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सलेसारखा शास्त्रज्ञही ठामपणे सांगत होता की समुद्रातले मोठे मत्स्यसाठे अक्षय आहेत. शिडाच्या होड्या आणि हाताने ओढायची जाळी असताना ते खोटं वाटण्याचं कारणही नव्हतं. वाफेचे ट्रॉलर आले, पाठोपाठ डिझेल, नायलॉन, सोनार आणि शीतगृह असलेली कारखान्यासारखी जहाजं आली, आणि हक्सलेचं गणित फसलं.

मग देशांनी कुंपणं पुढे सरकवायला सुरुवात केली. १९४५मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी किनाऱ्याबाहेरच्या संपत्तीवर हक्क सांगितला. १९४७मध्ये चिली आणि पेरूने थेट २०० मैलांची रेघ मारली. आइसलंडने आपली हद्द चार मैलांवरून बारा, पन्नास आणि १९७५मध्ये दोनशे मैलांवर नेली. त्यासाठी ब्रिटनशी तीन 'कॉड युद्धं' लढली. तोफा जवळपास नव्हत्याच. आइसलंडच्या गस्तीनौका ब्रिटिश ट्रॉलरच्या मागून जात आणि खास बनवलेल्या कात्रीने जाळ्यांच्या तारा कापत. कायदा राबवणं म्हणजे शब्दशः जाळं कापणं. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक प्रकार वाटतो. भारतानेही १९७६च्या कायद्याने २०० मैलांपर्यंतचं विशेष आर्थिक क्षेत्र आखलं. १९८२च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराने जगभर हीच रेघ मान्य झाली.

या रेघांमुळे परदेशी जहाजं जवळच्या पाण्यातून हाकलली गेली. ती कुठे गेली? रेघेपलीकडे. जगातल्या समुद्राचा साधारण दोनतृतीयांश भाग आजही रेघेपलीकडे आहे, आणि तिथे १६०९चाच नियम चालतो : झेंडा ज्याचा, कायदा त्याचा.

१९८२च्या करारात एक कलम आहे, ११०वं. खुल्या समुद्रात दुसऱ्या देशाच्या जहाजावर युद्धनौकेने कधी चढावं, याची कारणं त्यात मोजून दिलीत. चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, जहाजाला झेंडाच नसणं, आणि विनापरवाना रेडिओ प्रसारण. म्हणजे साठच्या दशकात युरोपच्या किनाऱ्याबाहेर जहाजावरून पॉप गाणी वाजवणाऱ्या पोरांना पकडायची सोय कराराने आठवणीने केली. माशांच्या चोरीचा त्या यादीत उल्लेख नाही.

त्यात झेंडा विकत मिळतो. अमेरिकेत दारूबंदी असताना जहाजमालक पनामाचा झेंडा लावू लागले. १९४८मध्ये लायबेरियाची जहाजनोंदणी सुरू झाली ती अमेरिकन पुढाकाराने. झेंडा देणाऱ्या देशाला फी मिळते, मालकाला कमी कर, कमी चौकशी. कागदावर देश आणि जहाज यांच्यात 'खरा संबंध' असावा असं करार सांगतो, पण तो कसा मोजायचा ते सांगत नाही. शिवाय मालवाहू जहाजांना १९८७पासून कायमचा ओळखक्रमांक मिळू लागला, गाडीच्या चासी नंबरासारखा, नाव बदला की रंग बदला, तो तोच राहतो. मासेमारी जहाजांना मात्र त्यातून सूट होती. ती २०१३मध्ये उठली. तोवर नाव पुसून नवं रंगवलं की जहाज नवं!

आता मासा. पॅटागोनियन टूथफिश. हजार-दोन हजार मीटर खोल, थंडगार पाण्यात राहणारा, पन्नास वर्षं जगू शकणारा, शंभर किलोपर्यंत वाढणारा, दिसायला अगदी कुरूप. १९७७मध्ये ली लँट्झ नावाच्या अमेरिकन मत्स्यव्यापाऱ्याने त्याचं नाव बदलून 'चिलियन सी बास' केलं. हा सी बास नाही आणि फक्त चिलीचाही नाही, पण पांढरंशुभ्र, लोण्यासारखं मांस महागड्या हॉटेलांत चालू लागलं. खलाशी त्याला पांढरं सोनं म्हणू लागले. हा मासा उशिरा वयात येतो, त्यामुळे एकदा उपसला की भरून यायला पिढी जाते. अंटार्क्टिकाभोवतीच्या जीवसृष्टीसाठी १९८२पासून एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे, ऑस्ट्रेलियात होबार्टला. भारतही त्याचा सदस्य आहे. आज जगभर वापरला जाणारा 'अवैध, नोंद न केलेली आणि अनियंत्रित मासेमारी' हा लांबलचक शब्दप्रयोग याच आयोगाच्या नव्वदच्या दशकातल्या बैठकांतून आला, टूथफिशच्या लुटीबद्दल बोलता बोलता.

लूट थांबवायचे सरकारी प्रयत्न झाले नाहीत असं नाही. ऑगस्ट २००३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या 'सदर्न सपोर्टर' या गस्तीनौकेला हर्ड बेटाजवळ, ऑस्ट्रेलियाच्याच २०० मैलांच्या आत, उरुग्वेचा झेंडा लावलेलं 'वियार्सा १' दिसलं. आपल्या हद्दीत गुन्हा करून पळणाऱ्याचा खुल्या समुद्रातही पाठलाग करता येतो, एवढी मुभा कायदा देतो. अटी तीन : पाठलाग हद्दीतच सुरू झाला पाहिजे, सरकारी नौकेनेच केला पाहिजे, आणि मध्ये खंड पडता कामा नये. ऑस्ट्रेलियाने २१ दिवस खंड पडू दिला नाही. बर्फातून, वादळातून, ३,९०० सागरी मैल. शेवटी दक्षिण आफ्रिका आणि ब्रिटनच्या नौका मदतीला आल्या आणि दक्षिण अटलांटिकमध्ये वियार्सा पकडलं गेलं. त्यात ९० टनांहून अधिक टूथफिश होता.

मग पर्थला खटला उभा राहिला. पहिल्या वेळी ज्यूरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या वेळी, २००५मध्ये, आरोपी निर्दोष सुटले. जहाज हद्दीत दिसलं हे खरं, पण मासे हद्दीतच पकडले हे कसं सिद्ध करणार? माशाच्या अंगावर पत्ता नसतो.

थंडरच्या बाबतीत एवढाही आधार नव्हता. ते कुणाच्याच २०० मैलांत नव्हतं. आयोगाचे नियम त्या पाण्याला लागू होते, पण ते देशांना बांधतात, जहाजाला नाही. जहाजाला बांधणार तो नायजेरिया. जानेवारी २०१५मध्ये न्यूझीलंडच्या नौदलाची 'वेलिंग्टन' ही नौका अशाच तीन बदनाम जहाजांपर्यंत पोचली होती. पण त्यांच्या डेकवर पाय ठेवता आला नाही. पुरावे गोळा करून ती परतली. मग खासगी लोकांनी निदान पाठ सोडायची नाही एवढं ठरवलं. इथे एक गंमत आहे. ज्या इंटरपोलच्या नोटिशीच्या बळावर सी शेफर्ड थंडरच्या मागे होती, त्याच इंटरपोलची 'लाल नोटीस' तेव्हा सी शेफर्डचे संस्थापक पॉल वॉटसन यांच्या नावावर होती. हे लोक काही शासनाचे लाडके नव्हते. आणि बंदूक नसलेल्या हौशी टोळीवर महासागराची राखण सोपवावी लागणं ही कौतुकाची गोष्ट आहे असं मला वाटत नाही. ती नामुष्की आहे.

बॉब बार्कर मागे लागलं होतं, तर 'सॅम सायमन' हे त्यांचं दुसरं जहाज थंडरने सोडलेली जाळी उपसत होतं. त्याचे कॅप्टन होते सिद्धार्थ चक्रवर्ती, भारतीय. थंडरची गिलनेट, म्हणजे भिंतीसारखी उभी राहणारी जाळी, त्या पाण्यात पूर्ण बंद आहेत, कारण त्यांत टूथफिशबरोबर जे येईल ते मरतं. काही आठवडे राबून त्यांनी ७२ किलोमीटर जाळं वर काढलं. चर्चगेटपासून विरारपर्यंत लोकलचा मार्ग ६० किलोमीटरचा आहे. जाळं त्याहून लांब होतं. पुढे मॉरिशसला ते पुरावा म्हणून अधिकाऱ्यांच्या हवाली झालं.

मार्च २०१५मध्ये नायजेरियाने थंडरची नोंदणी रद्द केली. आता ते बिनझेंड्याचं, म्हणजे कुणीही चढावं असं जहाज झालं. तरी कुणाची युद्धनौका आली नाही. दमलं ते डिझेल. पाठीवर कायम एक जहाज, त्यामुळे चोरून मासे उतरवणं बंद, भर समुद्रात इंधन घेणं बंद, बंदरात शिरणं तर अशक्यच. ६ एप्रिल २०१५ला आफ्रिकेच्या पश्चिमेला, साओ टोमे आणि प्रिन्सिपे या चिमुकल्या बेटराष्ट्राजवळ, थंडरनेच मदतीची हाक दिली : जहाज बुडतंय. चाळीस माणसं तराफ्यांवर उतरली. त्यांना वाचवलं पाठलाग करणाऱ्यांनीच. बुडणाऱ्या जहाजावर धावतपळत चढलेल्या सी शेफर्डच्या लोकांना दिसलं की पाणी अडवणारी दारं बंद व्हायच्या ऐवजी उघडी बांधून ठेवलीत. त्यांनी संगणक, फोन, कागद, जे हाती लागलं ते उचललं. थंडर पाण्याखाली गेलं तेव्हा त्याचा चिलियन कॅप्टन तराफ्यावरून आनंदाने ओरडला. पुरावा तळाशी गेला, असं त्याला वाटलं असावं.

पण बुडवायला त्याने जागा चुकीची निवडली. ते साओ टोमेचं पाणी होतं. जेमतेम दोन लाख वस्तीच्या त्या देशाने कॅप्टन आणि दोन इंजिनिअर अशा तिघांवर खटला भरला, आणि त्याच वर्षी त्यांना तुरुंगवास आणि दीड कोटी युरोंहून जास्त दंड ठोठावला. गुन्हे कोणते? खोटी कागदपत्रं, प्रदूषण, पर्यावरणाची हानी. अंटार्क्टिकाजवळ वर्षानुवर्षं उपसलेल्या माशांसाठी नव्हे. चाळीसपैकी बरेचसे खलाशी इंडोनेशियाचे होते. ते घरी गेले. मालक तर जहाजावर नव्हताच. २०१८मध्ये स्पेनने गॅलिसियातल्या एका व्यावसायिकाला या प्रकरणी ऐंशी लाख युरोंहून अधिक दंड केला, तोही प्रशासकीय. कारण टूथफिशच्याच धंद्यातल्या दुसऱ्या एका कुटुंबाविरुद्धचा फौजदारी खटला स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये फेटाळला होता : गुन्हा खुल्या समुद्रातला, आमचा अधिकार तिथे चालत नाही.

थंडरसारखी त्या काळात एकूण सहा जहाजं होती. उरलेल्या पाचांचं काय झालं ते पाहिलं की कायदा नेमका कुठे पोचला हे कळतं. 'कुनलुन' थायलंडमध्ये फुकेतच्या बंदरात अडकलं; टूथफिश असताना कागदावर दुसराच मासा लिहिला होता. ते तिथून निसटलं आणि पुढच्या वर्षी सेनेगलमध्ये पुन्हा अडकलं. 'सोंगहुआ' आणि 'योंगदिंग' केप वर्देला धरली गेली, 'पेर्लोन' मलेशियात. जी जहाजं महासागरात कुणाला हात लावू देत नव्हती, ती धक्क्याला दोर बांधल्यावर साध्या तपासनिसाच्या हाती लागली.

हा धडा कागदावर आधीच आला होता. २००९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत बंदरांविषयीचा एक करार झाला. परदेशी मासेमारी जहाजाने बंदरात येण्याआधी कळवायचं, कुठे किती काय पकडलं ते सांगायचं, आणि संशय असेल तर बंदराने प्रवेश नाकारायचा. अवैध मासेमारीवरचा हा पहिला बंधनकारक जागतिक करार. तो अमलात यायला मात्र ५ जून २०१६ उजाडलं. सात वर्षं! तेवढ्यात थंडर बुडूनही गेलं होतं. करार जिथे नाही, किंवा जिथे तपासनीसच पाकीट घेतो, अशी बंदरं उरतातच. सगळ्या खिडक्या लावून एक उघडी ठेवली तर मांजर कुठून येणार हे सांगायला नको. तरीही मला ही वाट खरी वाटते, कारण ती झेंड्याच्या भानगडीत पडत नाही. मासा शेवटी जमिनीवरच विकावा लागतो.

उपग्रहांनी मदत केली आहे. २०१६पासून 'ग्लोबल फिशिंग वॉच'वर जगातल्या हजारो मासेमारी जहाजांच्या हालचाली कुणालाही फोनवर बघता येतात. यंत्र बंद केलं की ठिपका गायब होतो, पण गायब होणं हाच आता संशय असतो.

रेघेची ही अडचण फक्त अंटार्क्टिकाची नाही. मालवण, रत्नागिरीचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध भांडतायत. राज्याचा कायदा बारा सागरी मैलांपर्यंत, पुढे केंद्राचा. केंद्राने नोव्हेंबर २०१७मध्ये दिव्यांवर बंदी घातली. पण बारा मैलांच्या रेघेबाहेर उजेडाची माळ लागली तर राज्याच्या गस्तीनौकेने काय करायचं, हा प्रश्न उरतोच. तिथेही कारवाईची खरी जागा परत बंदरच आहे : जनरेटर आणि दिवे चढतात ते धक्क्यावरच.

सहावं जहाज 'वायकिंग'. तेही नॉर्वेत बांधलेलं, तेही इंटरपोलच्या यादीत. फेब्रुवारी २०१६मध्ये ते इंडोनेशियाच्या पाण्यात शिरलं आणि तिथल्या नौदलाने धरलं. तेव्हा मत्स्यव्यवहारमंत्री होत्या सुसी पुज्यास्तुती. शाळा अर्धवट सोडून मासे विकायला लागलेल्या, पुढे विमान कंपनी उभी केलेल्या, आणि मंत्री झाल्यावर पकडलेली परदेशी जहाजं सुरुंग लावून उडवणाऱ्या. १४ मार्च २०१६ला त्यांनी वायकिंग आपल्याच गावी, पांगांदारानच्या किनाऱ्याजवळ उडवलं, आणि लोकांना दिसावं म्हणून सांगाडा तिथेच ठेवला. इंडोनेशियाने कारवाई केली ती मात्र आपल्या हद्दीत न कळवता शिरण्यासारख्या गुन्ह्यांवरून. दक्षिण महासागरातल्या टूथफिशबद्दल वायकिंगवर तिथे आरोप ठेवला गेला नाही.